चाल सुचल्यापासून फाइल होईपर्यंत: घरच्या घरी वाद्यसंगीत

घरी स्वतःचं वाद्यसंगीत रेकॉर्ड करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "माईक कुठला घेऊ?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर बराच मागे लागतो. रेकॉर्डिंग चांगलं होणार की नाही हे बरंचसं आवाज माईकमध्ये शिरायच्या आधीच ठरलेलं असतं. चाल पक्की आहे का, खोली कशी आहे, माईक वाद्यापासून किती लांब आहे, यावर सगळं उभं राहतं. पुढे कॉम्प्युटरवर कितीही खटपट करा, आधी बिघडलेलं तिथे फारसं सुधारत नाही.

मुंबईत हा छंद असलेले पुष्कळ जण माझ्या ओळखीत आहेत. दिवसा बँकेत, शाळेत नाहीतर आयटीत नोकरी, आणि रात्री ठाणे-डोंबिवलीच्या वन-बीएचकेमध्ये हार्मोनियम किंवा गिटार पुढ्यात घेऊन बसायचं. एकट्या माणसाने एकामागून एक वाद्यं वाजवून ती एकावर एक चढवायची ही सोय तशी अलीकडची. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे आवाजाचे चार वेगळे थर, घेणारं टॅस्कॅमचं पोर्टास्टुडिओ १९७९ साली आलं आणि तिथून हे काम स्टुडिओबाहेर पडायला लागलं. आज साधा लॅपटॉप त्याच्या कितीतरी पुढे आहे. त्यामुळे अडचण यंत्राची उरलेली नाही. आतमध्ये नेमकं काय घडतं हे कुणी नीट सांगत नाही, अडतं ते तिथे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरून पुढे जाऊ: भूप रागातली तीन मिनिटांची एक चाल, ताल रूपक, पट्टी काळी एक, म्हणजे षड्ज पहिल्या काळ्या पट्टीवर. वाद्यं हार्मोनियम, बासरी आणि तबला, मागे तानपुरा.

आधी चाल

गाण्यात शब्द असतात. चाल थोडी सैल असली तरी शब्द तिला सांभाळून घेतात. वाद्यसंगीतात ऐकणाऱ्याला धरायला शब्द नसतात, म्हणून मुखडा, म्हणजे चालीची परत परत येणारी मुख्य ओळ, असा हवा की दुसऱ्यांदा आला की ओळखीचा वाटेल. सुचलेली चाल लगेच फोनवर गुणगुणून ठेवावी, लोकलमध्ये उभं असलात तरी. पण तेवढ्यावर थांबू नये, ती वहीत लिहावीसुद्धा. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी रूढ केलेली स्वरलिपी यासाठी अजूनही फार कामाची आहे. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली बिंदू, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. एवढं आलं की रूपकाच्या सात मात्रांचे रकाने आखून चाल त्यात बसवता येते. लिहायला बसलं की लगेच दिसतं, एखादी ओळ पावणेसात मात्रांतच संपते आहे आणि आपण ती सवयीने ओढून घेतो आहोत.

आता लांबी. लय मिनिटाला ८४ मात्रा धरली तर रूपकाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, बरोबर ५ सेकंदांचं होतं. तीन मिनिटं म्हणजे ३६ आवर्तनं. हा हिशेब मला फार आवडतो, कारण त्यामुळे 'तीन मिनिटं वाजवायचं काय?' ही धास्ती जाते. पहिली ४ आवर्तनं तानपुरा आणि हार्मोनियमचे तुरळक स्वर, तबला नाही. पुढची ८ मुखडा. मग ८ आवर्तनं अंतरा, म्हणजे चालीचा दुसरा भाग, तो बासरीवर. ४ आवर्तनं पुन्हा मुखडा, पण आता खालच्या सप्तकात. ८ आवर्तनं मोकळी सोडायची, जो वाजवेल त्याने त्यात फिरावं. शेवटची ४ मुखड्यावर येऊन संपवायची. हा आराखडा वाजवताना मोडला तरी हरकत नाही. पण तो नसला तर नव्याने सुरुवात करणारे सगळे जण एकच गोष्ट करतात: पहिल्या आवर्तनापासून सगळी वाद्यं वाजत राहतात आणि दीड मिनिटानंतर सांगायला काही उरत नाही.

बासरी अंतरा वाजवत असताना हार्मोनियमने काय करायचं? तीच चाल वाजवायची नाही. बासरीने लांब स्वर धरला की हार्मोनियमने हलायचं, बासरी हलली की हार्मोनियमने थांबायचं. मुख्य चालीच्या मागे दुसरी चाल बांधायची ही रीत हिंदी सिनेमाच्या संगीतात फार सुंदर रुजली, आणि त्यात गोव्याहून मुंबईत आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांचा, म्हणजे गाण्याची वाद्यरचना बांधणाऱ्यांचा, मोठा वाटा होता. जुनी गाणी ऐकताना गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त मागची व्हायोलिनं ऐका. हा एवढा अभ्यास कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त शिकवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेकॉर्डिंगसाठी लय पक्की ठेवायला कानात क्लिक लागते. सॉफ्टवेअरमध्ये तालाचे आकडे सात आणि चार असे टाकले की क्लिक सात मात्रांची होते. पण इथे एक खोच आहे. सॉफ्टवेअर पहिल्या मात्रेवर जोराचा ठोका देतं, आणि रूपकाची तर सम, म्हणजे पहिली मात्राच, खालीची, म्हणजे बिनजोराची: ती ती ना, धी ना, धी ना. जोर हवा चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. पहिलीवर ठणाणा वाजणाऱ्या क्लिकबरोबर तबलजी वाजवायला बसला की त्याचा ठेका आखडतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे जोर बदलता येतात. नाहीच जमलं तर सगळ्या मात्रा सारख्या करून टाकाव्यात.

खोली: खरं काम इथे आहे

मुंबईतली नेहमीची खोली घ्या. दहा फूट बाय दहा फूट, स्लॅब साडेनऊ फुटांवर. राहायला ठीक, पण आवाजाच्या दृष्टीने सर्वांत अवघड आकार हाच. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची लाट पुढे-मागे आपटते आणि ठरावीक कंपनसंख्येला (सेकंदाला किती कंपनं, हे हर्ट्झमध्ये मोजतात) ती स्वतःलाच जोर देते. भिंतींमधलं अंतर दहा फूट असेल तर आपल्याकडच्या उकाड्यात ही कंपनसंख्या साधारण ५७ हर्ट्झ येते, तिची दुप्पट ११४. लांबी, रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असली की तिन्ही बाजूंनी तोच आकडा येतो आणि तो स्वर खोलीत घुमतो. आपल्या उदाहरणात काळी एकचा अतिमंद्र (मंद्राच्याही खालच्या सप्तकातला) धैवत ११६ हर्ट्झच्या आसपास आहे, आणि भूपात धैवत संवादी, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा महत्त्वाचा स्वर. म्हणजे रागातला महत्त्वाचा स्वर त्या सप्तकात वाजला की खोली तो फुगवून देणार. वाजवणाऱ्याला वाटतं आपण भाता जोरात मारला. दोष भात्याचा नसतो.

हे कानाने तपासता येतं. हार्मोनियमवर खर्जापासून एकेक स्वर सारख्या जोराने धरून बघा. एखादा स्वर अचानक मोठा होतो, एखादा बसतो. आता वाद्य दोन फूट सरकवा, भिंतीला समांतर न ठेवता थोडं तिरकं करा आणि पुन्हा ऐका. खोलीच्या बरोबर मध्यभागी आणि अगदी कोपऱ्यात बसणं टाळावं. पैसे न खर्च करता यापेक्षा मोठी सुधारणा दुसऱ्या कशानेही होत नाही.

इथे दोन वेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम. त्यासाठी वजन लागतं: जाड भिंत, जाड काच, फटी बंद. भाड्याच्या घरात ते जवळजवळ अशक्य. आतला आवाज भिंतींवरून परत येऊ न देणं हे दुसरं काम. त्यासाठी जाड आणि मऊ वस्तू लागतात, त्या प्रत्येक घरात असतात. आजीची गोधडी, कापसाची गादी, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडं ठेवलं तर तेही. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायची जुनी टूम यातलं एकही काम धड करत नाही. वरचे काही स्वर तेवढे मऊ होतात आणि खालचं घुमणं तसंच राहतं.

गोधडी कुठे टांगायची? बहुतेक जण ती माईकच्या मागे टांगतात. घरी वापरतात त्या माईकांपैकी बहुतेकांना समोरचं ऐकू येतं, मागचं कमी. मग समोर काय आहे? वादक, आणि वादकाच्या पाठीमागची भिंत. वाद्याचा आवाज त्या भिंतीवर आपटून सरळ माईकच्या तोंडात येतो. म्हणून गोधडी वादकाच्या पाठीमागे हवी, भिंतीपासून वीतभर पुढे.

बाहेरच्या आवाजाचं काय? तो वेळ बघूनच टाळायचा. रात्री शेवटची लोकल गेली की शहर थोडं खाली बसतं. पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ धरला जातो आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसाची ५५. नियम राहू दे, भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं. म्हणून रात्री बासरीचे मंद स्वर किंवा थेट साउंड कार्डात (वाद्य आणि माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीत) जोडलेली गिटार, आणि तबला रविवारी दुपारी. त्यासाठी शेजाऱ्यांशी बोलून ठेवलेलं बरं. आमच्या मजल्यावरच्या काकूंना मी सांगून ठेवतो, "काकू, तीन ते चार जरा रेकॉर्डिंग आहे हं." त्या म्हणतात, "अरे मग आधीच सांग की, डाळ लवकर लावते." कुकरची शिट्टी अशी गोष्ट आहे की एकदा ट्रॅकमध्ये आली की काढता येत नाही, कारण ती बासरीच्याच पट्ट्यात वाजते. एप्रिल-मे महिन्यात पहाटे कोकीळ असते, खिडकीतल्या एसीवर कबुतरं बारा महिने. पंखा मात्र बंद करायलाच हवा. तो नुसती घरघर करत नाही. त्याच्या पात्यांवरून परतणारा आवाज कमी-जास्त होत राहतो आणि लांब धरलेला स्वर थरथरतो. दोन आवर्तनं वाजवा, पंखा लावून घाम पुसा, पुन्हा बसा. मे महिन्यात दुसरा इलाज नाही.

माईक आणि साउंड कार्ड

आता माईक. घरगुती कामात दोन प्रकार भेटतात. कंडेन्सर माईक नाजूक आवाज बारकाईने टिपतो आणि त्याला साउंड कार्डाकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. डायनॅमिक माईक दणकट, त्याला असा पुरवठा लागत नाही. डायनॅमिक माईक 'बाहेरचा आवाज घेत नाही' असं दुकानात सांगतात. खरं कारण असं की तो वाद्याच्या अगदी जवळ धरून वापरतात. अंतर निम्मं केलं की वाद्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, आणि खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे खोली वाईट असेल तर जवळ जा. हा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

पण जवळ जाण्यालाही मर्यादा आहे. हार्मोनियमला सहा इंचांवर माईक लावला तर पट्ट्यांची टकटक आणि भात्याचा श्वास सुरांइतकाच मोठा होतो. शिवाय समोरचं ऐकणारे माईक फार जवळ आले की खालचे स्वर फुगवतात. भात्याची बाजू टाळून, पट्ट्यांच्या वर दीड-दोन फुटांवर, थोडा तिरका, अशी सुरुवात करावी आणि मग इंच-इंच सरकवत ऐकावं. बासरीला माईक फुंकेच्या समोर कधीच नको. फुंकेचं भोक आणि पहिलं बोट यांच्या मधल्या भागाकडे, वरच्या बाजूने, फूटभर अंतरावरून. फुंक माईकच्या खालून निघून जाते आणि सूर तेवढा येतो.

साउंड कार्डाचं काम माईककडून आलेली वीज आकड्यांत बदलायचं. सेकंदाला ४८,००० वेळा ते वीज मोजतं आणि आकडा लिहून ठेवतं. इतक्या वेळा का? जेवढ्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनसंख्या नीट परत मिळते, आणि माणसाच्या कानाची वरची हद्द २०,००० हर्ट्झच्या आसपास आहे. म्हणून ४४,१०० किंवा ४८,००० पुरतात. ९६,०००च्या मागे लागून घरी काही हाती लागत नाही. आकडा किती बारकाईने लिहायचा ते बिटवर ठरतं. इथे २४ बिट निवडावं, १६ नको. एकेक बिट साधारण ६ डेसिबलची जागा देतं, त्यामुळे २४ बिटमध्ये आवाज निर्धास्तपणे थोडा खाली ठेवून घेता येतो. मीटरवर सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला लागला की वरचा भाग कापला जातो आणि तो परत येत नाही. तबल्याची थाप सरावापेक्षा खऱ्या टेकला, म्हणजे रेकॉर्ड करताना, हमखास जोरात पडते, तेवढी मोकळीक हवीच.

एका माईकचा ट्रॅक अशा हिशेबाने मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो. तीन मिनिटांचे आठ ट्रॅक म्हणजे दोनशे एमबी. जागेची चिंता नको.

साधं साउंड कार्ड आणि बऱ्यापैकी माईक मिळून पंधरा-वीस हजारांत काम सुरू होतं. सॉफ्टवेअरला पैसे लागतीलच असं नाही: ऑडासिटी फुकट आहे, ॲपलच्या फोन-लॅपटॉपवर गॅरेजबँड येतं, आणि रीपर ६० दिवस वापरून बघता येतं. ऑडासिटी रेकॉर्ड करायला आणि कापाकापीला छान, पण ज्यांना कीबोर्डवरून वाद्यं रचायची आहेत त्यांनी बाकी दोघांकडे वळावं.

ट्रॅकमध्ये सतत गुणगुण येत असेल तर ती बहुधा घरातल्या विजेची असते, ५० हर्ट्झ आणि तिची दुप्पट १००. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेली तर दोष अर्थिंगकडे आहे. ते इलेक्ट्रिशियनकडून नीट करून घ्यावं, तीन पिनांच्या प्लगची एक पिन उडवायचा प्रकार जिवावर बेतू शकतो.

पावसाळ्याबद्दल थोडं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत जो दमटपणा असतो, तो कंडेन्सर माईकला मानवत नाही. आतल्या पडद्यावर ओल धरली की चटचट आवाज येतो. वापर झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा. तबल्याची पुडी याच दिवसांत उतरते. म्हणून एका पीसचा तबला एकाच दिवशी, एकाच बैठकीत घ्यावा. सकाळी लावलेला तबला संध्याकाळी त्याच सुरात असेल याचा भरवसा नाही.

टेक घेताना

हेडफोनवर आधीचे ट्रॅक ऐकत पुढचा वाजवायचा. आपण वाजवलेला सूर कॉम्प्युटरमधून फिरून कानात येतो, त्याला वेळ लागतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३५ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर झाला तर तबलजी साडेतीन मीटरवर बसला असल्यासारखं होतं. तेवढं सोसतं. त्याच्या दुप्पट-तिप्पट झालं की हात आपोआप मागे पडायला लागतात आणि वादकाला वाटतं आपलीच लय बिघडली. सॉफ्टवेअरमध्ये हा उशीर ठरवणारा बफर नावाचा आकडा असतो. रेकॉर्ड करताना तो १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्सिंगला वाढवा. त्याहून सोपं म्हणजे साउंड कार्डावर थेट ऐकायचं बटण असतं, ते दाबलं की आपला आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून कानात येतो. ब्लूटूथ हेडफोन या कामाला चालतच नाहीत, त्यांचा उशीर फार मोठा असतो. वायरचे, कान पूर्ण झाकणारे घ्या, नाहीतर क्लिकची टिकटिक माईकमध्ये उतरते.

पूर्ण तीन मिनिटं एका दमात चांगली वाजावीत असा हट्ट धरू नये. आवर्तन चुकलं तर तेवढंच पुन्हा घ्यायचं, स्टुडिओतले लोक त्याला पंचिंग म्हणतात. मात्र जोड समेवर किंवा श्वासाच्या जागी करावा, मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरण्याच्या, मधोमध नको. आणि मोकळी सोडलेली ती ८ आवर्तनं मात्र सलग घ्या. दहा तुकड्यांतून जोडलेला आलाप कानाला लगेच कळतो.

मिडी, आणि गंधाराचा प्रश्न

ज्यांच्याकडे बासरीवाला मित्र नाही ते कीबोर्डवर बासरीचा आवाज काढतात. इथे मिडी येतं. मिडी म्हणजे आवाज नव्हे. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता यावीत म्हणून १९८३ साली आलेली ही पद्धत. तिच्यात लिहिलेलं असतं ते एवढंच: कुठली पट्टी दाबली, किती जोराने, कधी सोडली. मधली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक ६१. आवाज नंतर सॉफ्टवेअर पुरवतं. म्हणून चूक झाली तर एकच स्वर उचलून दुसरीकडे ठेवता येतो, लय बदलता येते, बासरीची सतार करता येते.

ही सोय मोठी आहे, पण आपल्या संगीतात ती दोन ठिकाणी अडते. पहिली जागा मींड. कीबोर्डवरचं स्वर वाकवायचं चाक सहसा दोन अर्धस्वरांपर्यंतच वाकतं. भूपात पंचमावरून गंधारावर येणारी मींड तीन अर्धस्वरांची आहे. चाक तळाला नेलं तरी सूर थांबतो तो शुद्ध मध्यमावर, आणि भूपात मध्यम वर्ज्य! रागच हातातून जातो. उपाय सेटिंगमध्ये आहे: वाकण्याची हद्द १२ अर्धस्वर करायची, कीबोर्डकडे आणि सॉफ्टवेअरमधल्या वाद्याकडे दोन्हीकडे सारखीच.

दुसरी जागा जास्त खोल आहे. कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग असतात. तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार त्या हिशेबात बसत नाही, तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, म्हणजे एका अर्धस्वराचा सातवा हिस्सा. ऐकायला फरक किरकोळ. पण काळी एकच्या मध्य सप्तकात बासरीवाला आपल्या कानाने ३४६.५ हर्ट्झचा गंधार लावतो आणि कीबोर्ड त्याच क्षणी ३४९.२चा वाजवतो. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला पावणेतीन वेळा आवाज डुलतो. भूपाचा वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा, स्वरच गंधार, त्यामुळे हे सतत होत राहतं आणि पीस 'कुठेतरी बेसूर' वाटतो, कुठे ते सापडत नाही. हार्मोनियमवर आक्षेप घेणारे हेच म्हणत होते. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवलं, त्यामागच्या कारणांत मींड नसणं आणि हे स्वरांतर दोन्ही होती. आपल्याला बंदी घालायची गरज नाही. मागे कॉर्ड (एकदम वाजणारे दोन-तीन स्वर) द्यायची असेल तर तिच्यातला गंधार काढून टाका, नुसते षड्ज-पंचम ठेवा. गंधार बासरीला एकटीला वाजवू द्या. बऱ्याच सॉफ्टवेअर वाद्यांत एकेक स्वर सेंटमध्ये खाली-वर करता येतो, तोही मार्ग आहे.

मिडीच्या तबल्याबद्दल एवढंच सांगतो: प्रत्येक 'धी' सारख्याच जोराचा ठेवला तर ठेका मेलेला वाटतो. जोर बदलत ठेवा. आणि शक्य असेल तर खरा तबलजी शोधा, मुंबईत तो दोन इमारती सोडून सापडतो.

मिक्सिंग

सगळे ट्रॅक एकत्र लावले की पहिल्यांदा गढूळ वाटतं. २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात हार्मोनियम, तानपुरा, डग्ग्याची घुमक, बासरीचे खालचे स्वर सगळेच येतात. लोकलच्या तिघांच्या बाकड्यावर चौथा बसतो तेव्हा जसं प्रत्येकाने थोडं सरकायचं असतं, तसं इथे करायचं. काळी एकच्या बासरीचा मंद्र पंचमसुद्धा २०० हर्ट्झच्या वर असतो, तेव्हा तिच्या ट्रॅकमधलं १५०च्या खालचं सगळं बेलाशक कापा, ते बासरीचं नाहीच. हार्मोनियमचा फुगलेला धैवत ११४च्या आसपास अरुंद पट्टा घेऊन दोन-तीन डेसिबल खाली आणा. काही वाढवण्याआधी काय कमी करता येईल ते बघायची सवय लावून घ्या.

मग जागा. डग्गा आणि तानपुरा मध्यभागी, हार्मोनियम थोडी डावीकडे, बासरी थोडी उजवीकडे. घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, सगळ्यांना एकाच प्रकारचा द्यावा. प्रत्येक वाद्याला वेगळा दिला तर ती एका बैठकीत बसलेली वाटत नाहीत. मिक्स झालं की फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे डग्गा जवळजवळ नाहीसा होतो, तरी ठेका कळला पाहिजे. मग प्रवासात इअरफोनवर ऐका. धावत्या गाडीत सुरुवातीची ती शांत ४ आवर्तनं ऐकूच येत नसतील तर थोडी वर उचला.

शेवटी एकूण आवाज. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस या पातळीला आणून वाजवतं. एलयूएफएस म्हणजे कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप. तेव्हा दाबून-दाबून मोठा केलेला पीस तिथे परत खाली आणला जातो आणि दाबल्यामुळे तबल्याची थाप गेलेली ती गेलीच. सर्वांत वरचा ठोका उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा आणि सोडून द्या.

हक्क

राग कुणाच्या मालकीचा नसतो, त्यात बांधलेली तुमची चाल तुमची असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चाल लिहिली किंवा रेकॉर्ड केली की हक्क आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. चालीवरचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं, ध्वनिमुद्रणावरचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. मित्राने बासरी वाजवली असेल तर वादक म्हणून त्यालाही कायद्याने हक्क आहेत, म्हणून पीस कुठे टाकणार, पैसे आले तर वाटा कसा, हे ईमेलवर दोन ओळींत लिहून घ्या. दोस्ती टिकते. तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा आयता तुकडा) वापरला असेल तर त्याच्या अटी वाचा. तोच लूप आणखी हजारो जण वापरत असतात, आणि यूट्यूबची यंत्रणा त्यावरून तुमच्याच पीसवर दुसऱ्याचा दावा लावू शकते.

अपलोड करायला डब्ल्यूएव्ही फाइल काढा, एमपीथ्री फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला. आणि प्रत्येक वाद्याचा ट्रॅक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सलग, वेगळ्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये काढून बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा, फाइलच्या नावात लय आणि पट्टी लिहून: 'भूप-रूपक-८४-काळी१-हार्मोनियम'. सॉफ्टवेअर बदललं, लॅपटॉप गेला, तरी वर्षाने कुणी सारंगीवाला भेटला तर या फाइली त्याच्या हातात देता येतील आणि तो त्या मोकळ्या आठ आवर्तनांत वाजवू शकेल.